गोळीच्या आधीचा रिपोर्ट

सातारा,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा वहिनींचा फोन आला आणि तुझ्या रक्ताच्या तपासणीतले आकडे त्यांनी मला एकेक करून वाचून दाखवले. थायरॉइडला कामाला लावणारे टीएसएच जवळजवळ शून्य, टी-थ्री आणि टी-फोर ही थायरॉइडची दोन्ही संप्रेरके बरीच वाढलेली, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जोरात चाललेले, आणि खाली यकृताची एसजीपीटी 96, म्हणजे तीही वाढलेली. थायरॉइडच्या गोळीने लिव्हर खराब होते असे कोणीतरी सांगितल्यामुळे, डॉक्टरांनी थायरॉइडला आवर घालण्यासाठी लिहून दिलेली कार्बिमाझोलची पट्टी चार दिवस तशीच कपाटात पडून आहे, हेही त्यांच्याकडूनच कळले. म्हणून आज सकाळची सगळी कामे बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घे. तो 96 चा आकडा पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीचा आहे. त्याचा दोष गोळीवर येऊच शकत नाही. तो बहुधा ज्या दुखण्यासाठी गोळी दिली आहे त्या दुखण्याचाच असावा.

माझे आजारपण तुला ठाऊक आहे, पण ते कसे सुरू झाले हे मी तुला कधी नीट सांगितले नाही. तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरले, चहाचा कप धरताना हात थरथरू लागला, रात्री अंगभर खाज सुटे, आणि एके दिवशी डोळे पिवळे दिसले. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, एवढ्यावरच निदान होऊन गेले. तेल-तूप बंद झाले, उसाचा रस सुरू झाला, शेजारच्या गावातून झाडपाल्याचे औषधही आणले गेले. शरीर आतून स्वतःचे स्नायू जाळत होते आणि आम्ही त्याचे अन्न आणखी तोडत होतो, हे आठवले की आजही मनाला लागते. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी गळ्याला हात लावला, स्वस्थ बसलेलो असताना नाडी 124 भरली, आणि मग टीएसएच तपासायला सांगितले. सात आठवडे वाया गेले होते.

थायरॉइड गळ्यात आणि यकृत पोटात, मग यांचा संबंध काय, असे मीही तेव्हा विचारले होते. टी-फोरचे अधिक प्रभावी अशा टी-थ्रीमध्ये रूपांतर होण्याचे बरेच काम यकृतात चालते, ही संप्रेरके रक्तातून वाहून नेणारी प्रथिने यकृतच तयार करते, आणि त्यांचा निचरा पित्तावाटे करण्याचे कामही त्याच्याचकडे असते. संप्रेरक वाढले की यकृताच्या पेशी जोरात काम करू लागतात आणि त्यांची ऑक्सिजनची गरज वाढते, पण यकृताकडे येणारे रक्त त्या मानाने वाढत नाही. यकृताच्या प्रत्येक बारीक खंडिकेत रक्त कडेने शिरून मधल्या शिरेकडे वाहते, आणि वाटेतल्या पेशी आपापला वाटा काढून घेत असल्यामुळे मध्याजवळच्या पेशींच्या वाट्याला मुळातच कमी येते. आपल्याकडे कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेताचे जे होते तेच त्यांचे होते: वरच्यांनी जास्त उपसा केला की पहिली वाळतात ती टोकाची पिके. त्या पेशी दुखावल्या की एसजीपीटी वाढते. पित्ताचा प्रवाह मंदावला तर खाज आणि कावीळ. हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते थकले, तर रक्त मागे तुंबून यकृत सुजते, ते वेगळेच.

रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातले एन्झाइम वाढलेले दिसले तर मात्र लगेच यकृताकडे बोट दाखवू नकोस. या आजारात हाडांची झीज वाढते आणि ते हाडांमधूनही येते. माझे तर थायरॉइड आटोक्यात आल्यावरही काही महिने वाढलेलेच होते.

गोळीची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कार्बिमाझोलने क्वचित पित्त अडून कावीळ होते. प्रोपिलथायोयुरॅसिल हे दुसरे औषध यकृताला अधिक घातक ठरू शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2010 मध्ये त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यामुळे ते आता मुख्यतः गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत किंवा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच वापरतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, खाज सुटली, किंवा ताप येऊन घसा दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. घशाचे यासाठी लिहिले, की या औषधाने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

वहिनी गुळवेलीच्या काढ्याविषयी विचारत होत्या. तो कृपा करून घेऊ नकोस. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती आणि त्यांतल्या काहींमध्ये स्वयंप्रतिकारक विकाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याची, लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हे मला माहीत आहे. पण तुझे थायरॉइड भडकवणारा ग्रेव्हजचा आजार स्वयंप्रतिकारकच आहे, आणि अशा माणसात तोच विकार क्वचित यकृतावरही उतरतो. गोळी लागू पडूनही एसजीपीटी उतरली नाही तर त्या दिशेने तपासणी करून घ्यावी लागेल. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग, कारण त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात.

पुढे गोळी मानवली नाही तरी मार्ग खुंटत नाही. शस्त्रक्रिया आहे, किरणोत्सारी आयोडीन आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून थायरॉइडच्या रुग्णांवर उपचार होत आले आहेत, आणि वेळ आली तर मी तुझ्याबरोबर मुंबईला येईन.

आता तो 96 चा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यांत वर लाव आणि त्यावर पेनाने ‘गोळीच्या आधी’ असे लिही. पुढचा प्रत्येक आकडा डॉक्टर त्याच्याशीच ताडून पाहतील. उद्या सकाळी त्यांना फोन करून चार दिवस गोळी घेतली नाही हे स्पष्ट सांग, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला करायची ते विचारून मला कळव. त्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे पोचतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती