घरचा लॅपटॉप फॉरमॅटला देण्याआधी

डेल्फ्ट, नेदरलँड्स
दि. १२ मे

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आईने परवा फोनवर सांगितले की घरचा लॅपटॉप पुन्हा मधेच बंद पडू लागला आहे, चालू झालाच तर निळा पडदा दाखवतो आणि दुकानदार तो फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून देतो म्हणतो. बाबा, कृपा करून तो अजून दुकानात देऊ नका. त्यात आजीचे शेवटचे फोटो आहेत आणि तुमचे केळीच्या बागेचे सात वर्षांचे हिशोब आहेत. फोनवर हे नीट मांडता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जानेवारीत माझ्या लॅपटॉपनेही हेच केले होते. प्रबंधाची मोठी आकडेमोड लावली की पंखा घोंगावायचा, तळ हाताला चटका बसेल इतका तापायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळे काळे व्हायचे. पुढे स्टार्ट मेनू उघडेना, अपडेट अर्ध्यावर अडकू लागले. मीही दोष विंडोजचाच मानला, सगळे पुसून ते नव्याने टाकले, आणि दोन आठवड्यांत तीच दुखणी परत आली.

खरे कारण उष्णतेचे होते. प्रोसेसर साधारण शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर जळण्यापासून वाचण्यासाठी यंत्र एकदम बंद होते. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल, विशेषतः अपडेट चालू असेल, तर ती फाइल अर्धवट राहते. अशा पाच-दहा फाइली बिघडल्या की आपल्याला वाटते सॉफ्टवेअर खराब झाले. ते खराब झालेलेच असते, परंतु मूळ कारण तसेच ठेवून ते दुरुस्त करणे म्हणजे गळके छप्पर न शाकारता जमीन सारवत बसणे होय.

इथे रिपेअर कॅफे नावाची एक फार चांगली पद्धत आहे. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये तिची सुरुवात झाली. जाणकार स्वयंसेवक आपल्या शेजारी बसून वस्तू दुरुस्त करायला मदत करतात. तिथल्या एका आजोबांनी मला सर्वांत आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायला लावली, मगच पेचकस हातात दिला. तळाचे झाकण काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवली. पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. दाबाच्या हवेने तो उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, कारण पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. मग प्रोसेसरवरची तांब्याची नळी त्यांनी स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने सैल करत उचलली. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती, त्यामुळे ती उष्णता नीट पोहोचतच नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून वाटाण्याहून लहान थेंब नवी पेस्ट लावली. पूर्वी ९७ अंशांपर्यंत जाणारे तापमान त्याच आकडेमोडीत ७६ वर स्थिरावले, तेव्हा मला भरून आले.

त्यानंतरच आम्ही विंडोजकडे वळलो. त्यासाठी विंडोजमध्येच तपासणी-दुरुस्तीचे तीन आदेश असतात: प्रथम चेकडिस्कने डिस्कची तपासणी केली, मग डिझम आणि शेवटी एसएफसी चालवले. हा क्रम महत्त्वाचा आहे: एसएफसी बिघडलेल्या फाइलींच्या जागी विंडोजने स्वतःजवळ राखलेल्या प्रती ठेवते, आणि तो साठाच बिघडला असेल तर आधी डिझमने इंटरनेटवरून तो नीट करावा लागतो. पुन्हा काहीही फॉरमॅट करावे लागले नाही.

जळगावात मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या घरात असते, त्यातून आपला लॅपटॉप गादीवर ठेवलेला असतो आणि तळाच्या हवेच्या फटी बंद होतात. तो आधी लाकडी पाटावर ठेवावा. तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचललेले वाटले तर बॅटरी फुगली आहे असे समजून तो चार्जिंगला अजिबात लावू नये आणि घरी उघडूही नये. तसे नसेल तर पहाटे, गारवा असताना, धाकट्याने फोटो आणि हिशोब बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. मग दुकानदाराला स्पष्ट सांगावे की आधी पंखा साफ करून पेस्ट बदला, तीही आमच्यासमोर. विंडोजला हात लावू नका. पुढचे आदेश मी धाकट्याला रविवारी सकाळी फोनवर बसून एकेक करून सांगेन.

डिस्कवर प्रत झाली की हिशोबाची एखादी वही उघडून ती खरोखर वाचता येते का, हे मात्र तुम्ही स्वतः पाहा.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

तुमची लेक