तुझी गाठ पक्की होती

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू फोन केलास, त्यानंतर माझ्याकडून एक ओळ नाही. रागावला असशील तर रास्त आहे. पण आज दुपारी घरात जे झालं ते सुमाला सांगून कळणार नाही आणि मुग्धाला सांगण्यात अर्थ नाही. ते तुझंच आहे. प्रकृती ठीक. साखर आटोक्यात, उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो, बाकी काही नाही. तुझ्या गुडघ्याचं वहिनींकडून कळलं. जिने चढू नकोस.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुग्धाकडे डॅलसला निघालोय. अनिकेतच्या ऑफिसातल्या एकाची बोट आहे आणि तिथून दीडेक तासावर लेक फोर्क म्हणून तळं आहे, बास माशासाठी नावाजलेलं. टेक्सासचा सगळ्यात मोठा बास याच तळ्यात लागला, १९९२ च्या जानेवारीत, १८.१८ पौंडांचा. म्हणजे आठ किलोच्या वर, एका बासचं वजन! अनिकेत म्हणाला, "बाबा, रॉड आणि रील तुम्ही निवडून सांगा, मी मागवून ठेवतो." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. त्याला दोन महिने झाले आणि मी अजून निवडतोच आहे.

आपल्याला कधी काठी निवडावी लागली होती का रे? नानांची बांबूची होती. ती पानशेतच्या पुरात माळ्यावर होती म्हणून वाचली. मग ती फायबरग्लासची आली आणि तिला जे रीळ बसलं ते बसलं. बोहरी आळीतून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, आणायचा, बारा पौंडी मिळाला तर बारा, वीस मिळाला तर वीस. एकाच काठीवर चिलापी, मरळ, खडस म्हणजे आपला महसीर, सगळं. आता हे लोक एका बाससाठी सहा-सहा काठ्या बोटीत आडव्या ठेवतात. आधी मला हा श्रीमंती चाळा वाटला. वाचत गेलो तसं पटत गेलं.

काठीचे दोन गुण ते वेगळे धरतात. आपण जन्मभर ते एकच समजलो. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो: लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी. ॲक्शन म्हणजे ती वाकते कुठून. फास्ट काठी शेंड्याकडे वाकते आणि चटकन सरळ होते, मॉडरेट निम्म्यापासून वाकते. नानांची तर मुठीपासून वाकायची. तू म्हणायचास ना, "ही काठी विचार करून ओढते." तेच ते. बासला रबरी गांडूळ टाकायचं तर गळाचं टोक त्या गांडुळातच लपवतात, म्हणजे गवतात, फांद्यांत अडकत नाही. पण मग मासा लागला की तो एकच जाड गळ आधी रबर फोडून, मग जबड्यात घुसवावा लागतो. तिथे विचार करणारी काठी चालत नाही. तिथे सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट. हीच काठी क्रँकबेटला लावली तर मात्र घात होतो. क्रँकबेट म्हणजे तो पुढे जीभ असलेला खोटा मासा, पोटाखाली दोन तिपाखी गळ. ते गळ बारीक असतात, ताठ काठीनं हिसका दिला की तोंड फाडून सुटतात. त्याला मऊ, निम्म्यातून वाकणारी हवी, आणि त्यासाठी पुष्कळ लोक आजही फायबरग्लासचीच वापरतात. आपली ग्लासची काठी तू मला जुन्या बाजारात विकून टाक म्हणाला होतास. विकली नाही हे बरं झालं की नाही?

मरळ आठवते? उजनीच्या काठाला गवतात बेडूक सोडायचो आणि तू पाण्यात कमरेपर्यंत उतरायचास. बास तसाच आहे. दबा धरून बसतो, पाठलाग फार करत नाही, तोंडासमोरून गेलं की घेतो. त्याच्यासाठीही आता पोकळ रबरी बेडूक निघालेत आणि ते शेवाळावरून ओढायला हेवी काठी आणि पन्नास-पासष्ट पौंडांची विणलेली दोरी लागते. मोठा मासा म्हणून नव्हे. मासा घेतला की तो पाच किलो गवतासकट बाहेर ओढायचा असतो म्हणून. हे वाचलं आणि तुझी ती भिगवणची मरळ डोळ्यांपुढे आली, जिच्याबरोबर अर्धा मळा वर आला होता.

बरं, काठीचं जमलं असतं. रिळानं मला छळलंय.

स्पिनिंग रीळ आपलं ओळखीचं. चाक जागेवर राहतं, तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो. हलकं आमिष लांब जातं, गुंता कमी. बासवाल्यांचं लाडकं मात्र बेटकास्टिंग. ते काठीच्या वर बसतं आणि फेकताना त्याचं चाक स्वतः फिरतं. अगदी मांज्याची फिरकी. आमिष तंगूस ओढतं, तंगूस चाक फिरवतो. आता आमिष हवेत मंदावलं आणि चाक त्याच वेगानं फिरत राहिलं तर काय होईल? संक्रांतीला गच्चीवर तुझा धाकटा भाऊ फिरकी धरायचा तेव्हा काय व्हायचं? तेच. सगळा मांजा सैल होऊन घरटं. ते होऊ नये म्हणून रिळाला ब्रेक असतात, लोहचुंबकाचे किंवा चाकाच्या वेगानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांचे, शिवाय बाजूला एक कळ. आमिष लटकवून सोडलं तर हळूहळू उतरावं आणि जमिनीला टेकताच चाक थांबावं, इतपत ती आवळायची. हे सगळं केलं तरी खरा ब्रेक अंगठा. आणि अंगठाच माझा धरलेला.

एवढं असून लोक तेच का घेतात? जाड तंगुसाला आणि जड आमिषाला ते बळकट पडतं, नेम चांगला लागतो, अंगठ्यानं आमिष पाहिजे त्या फांदीजवळ थांबवता येतं. लेक फोर्कमध्ये धरण भरलं तेव्हा झाडं उभीच ठेवली होती, त्यांचे बुंधे अजून पाण्यात आहेत. बास तिथेच असणार.

त्यात उजव्या-डाव्याचा घोळ. स्पिनिंगचं हँडल काढून कुठल्याही बाजूला बसवता येतं. बेटकास्टिंगचं नाही, विकत घेतानाच ठरवायचं. तिकडचे बरेच उजवे लोक उजव्या हँडलचं घेतात, उजव्या हातानं फेकून काठी डाव्या हातात देतात. मी चाळीस वर्षं डाव्या हातानं गुंडाळलंय. तू मला तेव्हा "उलट्या हाताचा" म्हणायचास आणि आपण खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी थंड होईपर्यंत भांडलो होतो. आज सांगतो, अजूनही मीच बरोबर आहे.

गिअरच्या आकड्यावर एक आठवडा गेला. ५.४ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात चाक ५.४ वेळा फिरतं. ते क्रँकबेटला, कारण ते खोल जाताना पाण्याला जोर लावतं. गांडुळाला साताच्या वरचं, म्हणजे मासा आपल्याकडे पळत आला तर ढिला पडलेला तंगूस झटकन आवरता येतो. बेअरिंगचे आकडे मात्र डोळ्यांआड केले. दहा बेअरिंगचं स्वस्त रीळ चार चांगल्या बेअरिंगच्या रिळापुढे टिकत नाही, हे सायकलवाल्या तुला मी काय सांगू.

आता ड्रॅग, म्हणजे मासा किती जोरानं ओढल्यावर चाकानं सरकून तंगूस सोडायचा ते ठरवणारी पकड. बंड्या, हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

वाचलं की ड्रॅग हाताच्या अंदाजानं लावू नये, काट्यावर लावावा. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. बारा पौंडी तंगूस म्हणजे साडेपाच किलोच्या आत-बाहेर, तर दीड-पावणेदोन किलोच्या ओढीला चाक सरकलं पाहिजे. सवय व्हावी म्हणून आज दुपारी मी माळ्यावरून रीळ काढलं. तुझं. मुळशीला तू माझ्या पायाशी टाकून गेलास ते. ते मी कधी वापरलं नाही, विकलंही नाही. नवीन बारा पौंडी तंगूस भरला, टोक बॅगा मोजायच्या काट्याला बांधलं, काटा खिडकीच्या गजाला. आणि रीळ हातात घेतल्याबरोबर माझ्या बोटांनी पुढची ड्रॅगची कळ आपोआप उजवीकडे पूर्ण आवळली. विचार न करता. ती बोटांची जुनी खोड होती, बंड्या. स्कूटरवरून जाताना रिळाचं चाक फिरून तंगूस सुटू नये म्हणून मी निघताना कळ आवळायचो आणि पोचल्यावर सैल करायचो. काठ्या-रिळं बांधणं माझं काम होतं.

तसंच ओढून बघितलं. चार किलो, चाक हललं नाही. साडेचार, नाही. पाचाच्या पुढे काटा गेला आणि तंगूस फाटकन तुटला. गाठीत नाही, वीतभर वर. टोक सरळ, कापल्यासारखं.

तू त्या सकाळी मला तेच टोक दाखवत होतास. "गाठ सुटली असती तर टोकाला पीळ आला असता, नंदू, हे बघ, सरळ आहे." आणि मी नानांसमोर, सगळ्यांसमोर म्हणालो, "गाठच कच्ची." १९८६ चा मार्च. तो खडस मी पाण्याबाहेर अर्धा पाहिला होता, सोनेरी, माझ्या मांडीएवढा. इंग्रज कर्नल साइक्सनं ज्याला १८३९ साली शास्त्रीय नाव दिलं ते आपल्याच मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून, आणि त्या माशासाठी आपण मुळशीच्या फुगवट्यावर चार वर्षं खेटे घातले. तो लागला तुला. पहिल्याच धावेला गेला. खडस पहिली धाव काय घेतो ते तुला ठाऊक. चाकानं तंगूस द्यायला हवा होता आणि चाक बंद होतं. आदल्या रात्री ताम्हिणीच्या बाजूनं आलो, पोचायला अंधार झाला, आणि कळ मी सैल केलीच नाही.

वॉशर सुकले असतील, चाळीस वर्षांत घट्ट बसले असतील, असं तू म्हणशील. मीही आधी तसंच म्हटलं. म्हणून रीळ उघडलं, नमद्याचे वॉशर काढून रॉकेलनं धुतले, वाळवले, ग्रीस लावून परत बसवले. कळ दीड फेरा सैल केल्यावर चाक दीड किलोला लोण्यासारखं फिरलं. पूर्ण आवळली की पुन्हा बंद. दुसऱ्यांदा तंगूस तुटला तेव्हा सुमा स्वयंपाकघरातून विचारत होती, काय फुटलं. मला बोलता येईना.

तुझी गाठ पक्की होती. आपण दीड वर्ष बोललो नाही, आणि बोलायला लागलो तेव्हाही तू पुन्हा गळाला हात लावला नाहीस. गुहागरला घरासमोर समुद्र असून नाही. नाना जाईपर्यंत जेवताना "आमच्या बंडूची गाठ" म्हणून हसायचे आणि तू हसून घ्यायचास. नानांना आता सांगता येत नाही. तुझ्या भावाला मी उद्याच फोन करून सांगणार आहे, मुलांनाही सांगेन. तू माफ कर असं म्हणायला लाज वाटते, तरी म्हणतो. माफ कर.

कलमांना मोहोर कसा आहे या वर्षी? रोहनचं नाशिकला पक्कं झालं का? वहिनींच्या कोकमाची बाटली संपली, सुमा आठवण करून दे म्हणाली, ती करून दिली.

आता मला तुझं मत हवं आहे, कारण हाताची पारख तुझी, माझी नाही. मी असं योजलंय. मुख्य काठी सात फुटी, मीडियम, फास्ट, स्पिनिंग, त्यावर २५०० आकाराचं रीळ, पंधरा पौंडी विणलेली दोरी आणि पुढे दहा पौंडी फ्लोरोकार्बनचा तंगूस. माझे हात तिला ओळखतात. दुसरी सात फुटी मीडियम हेवी, बेटकास्टिंग, साताच्या वरचं गिअर, बुंध्यांतल्या माशांसाठी. ती आधी अनिकेतच्या अंगणात एक आठवडा गळ न लावता, नुसतं शिसं बांधून फेकून बघेन. अंगठ्यानं साथ दिली तर बोटीत, नाहीतर अनिकेतच्या हातात. ईशान नऊ वर्षांचा, त्याला साडेपाच फुटी काठी आणि झाकणाचं रीळ, बटण सोडलं की तंगूस सुटतो. त्याचा कळीचा ड्रॅग मात्र मी स्वतः काट्यावर लावणार. फ्लोरोकार्बनला गाठ ओली करून आवळायची ही तुझी शिकवण त्याला पहिल्या दिवशी, तुझ्या नावानं.

लागलेला प्रत्येक मासा खायला मिळणार नाही याचं सुमाला वाईट वाटलं. सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बास तिथे परत सोडावा लागतो, नियमच आहे. तू असतास तर टेप घेऊन भांडला असतास.

तर बेटकास्टिंग डाव्या हँडलचं घेऊ की उजव्या? लिहून कळव, फोन करू नकोस. शिव्या देणार असशील, तर सुमा फोन स्पीकरवर ठेवते.

तुझं रीळ स्वच्छ करून, तेल घालून, कळ पूर्ण सैल करून ठेवलंय. वापर नसताना ती सैलच ठेवायची असते, म्हणजे वॉशर चेपत नाहीत. कुणाच्या हाती पाठवू, की जूनमध्ये आम्ही परतल्यावर तूच न्यायला येतोस?

तुझा,
नंदू