मॅरेथॉनच्या रणांगणावर यवन कोण?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गोव्यात धावण्याच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि त्या निमित्ताने मॅरेथॉनच्या लढाईची गोष्टही कुठे ना कुठे छापून येते. आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला तसा लेख वाचला. भाषा ओघवती आहे; मात्र इ. स. पूर्व ४९० मध्ये अथेन्सवर चालून गेलेल्या इराणी फौजेला लेखकाने आरंभापासून अखेरपर्यंत ‘यवन सैन्य’ म्हटले आहे. उभा जन्म वर्गात इतिहास शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गप्प बसवले नाही, कारण त्या रणांगणावर यवन होते ते ग्रीकच.

आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांना इराणी ‘यौना’ म्हणत, आणि इराणच्या हखामनी घराण्यातील सम्राटांच्या शिलालेखांत हा शब्द एकूणच ग्रीकांसाठी येतो. पाणिनीचा ‘यवन’ आणि अशोकाच्या शिलालेखांतला ‘योन’ हे त्याचेच भाऊबंद. पुढे आपल्या बखरकारांनी मुसलमान राज्यकर्त्यांना यवन म्हणण्याचा प्रघात पाडला, त्याच सवयीने लेखकाचा हात घसरला असावा.

शब्दाची चूक एक वेळ पोटात घालता येईल, पण तिच्यामागची मांडणी तितकी निरुपद्रवी नाही. एका बाजूला स्वातंत्र्यवीर आणि दुसऱ्या बाजूला चाबकाच्या धाकाने लढणारे गुलाम, अशी सरळ वाटणी खुद्द ग्रीकांच्या साधनांतही सापडत नाही. सॅलॅमिसच्या सागरी लढाईत (इ. स. पूर्व ४८०) इराणी सम्राट झर्क्सिसच्या बाजूने स्वतःची पाच गलबते घेऊन लढणारी आर्टेमिसिया ही हॅलिकार्नासस या ग्रीक नगराची राणी होती, पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत थीब्जचे ग्रीक इराण्यांच्या बाजूने लढले, आणि सॅलॅमिसचा विजय ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या अथेन्सच्या सेनानी थेमिस्टोक्लीझला अथेन्सने हद्दपार केल्यावर आसरा दिला तो झर्क्सिसच्याच मुलाने, वर मॅग्नेशिया नगराचे उत्पन्नही तोडून दिले. शिवाय अथेन्सने ज्या आरमाराच्या बळावर ती लढाई जिंकली, ते लॉरियनच्या खाणीतल्या चांदीवर उभे राहिले होते आणि ती चांदी खणून काढणारे गुलामच होते. मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा दूतही या युद्धांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रीक हिरोडोटसला ठाऊक नाही. त्याचा दूत लढाईपूर्वी मदत मागायला स्पार्टाला धावला होता, आणि ते अंतर आजच्या शर्यतीच्या पाचपटीहून अधिक आहे.

इराण्यांची बाजू कळत नाही ती त्यांनी हिरोडोटससारखा इतिहास लिहून ठेवला नाही म्हणून. पण हिशेब मात्र त्यांनी भरपूर ठेवले. पर्सेपोलिस या हखामनी राजधानीच्या उत्खननात १९३३-३४ मध्ये मातीच्या हजारो लेखपाट्या मिळाल्या. त्यांतल्या बहुतेक एलामी या नैर्ऋत्य इराणच्या प्राचीन भाषेत असून त्या इ. स. पूर्व ५०९ ते ४९३ या काळातल्या, म्हणजे मॅरेथॉनच्या अगदी उंबरठ्यापर्यंतच्या आहेत. कोणत्या मजुराला किती धान्य, कोणत्या प्रवाशाला किती मद्य, बाळंतिणीला किती जादा शिधा (मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट, हेही नमूद करायला हवे) अशा त्या नोंदी आहेत. त्यांत यौना मजूरही भेटतात, आणि एक पाटी तर चक्क ग्रीक भाषेत आहे: मद्य, दोन माप, तेबेत महिना, एवढाच मजकूर. आम्हा गोमंतकीयांना या साधनांचे मोल वेगळे सांगायला नको. पोर्तुगीज इतिवृत्तकारांच्या ग्रंथांतून गोव्याचा गाव दिसत नाही. तो दिसतो कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांच्या, वह्यांत, जिथे कोणते शेत लिलावात कितीला गेले आणि बांधाच्या दुरुस्तीला काय खर्च आला हे लिहिलेले असते.

याचा अर्थ इराणी साम्राज्य सौम्य होते असा नव्हे. आयोनियन ग्रीकांच्या बंडानंतर इ. स. पूर्व ४९४ मध्ये त्यांनी मिलेटस हे ग्रीक नगर उद्ध्वस्त केले आणि तिथल्या लोकांना दूर नेऊन वसवले. अथेन्सचा अक्रोपोलिस जाळला तोही त्यांनीच. पण त्याच साम्राज्याचा सम्राट डरायस सुसा येथील राजवाड्याच्या शिलालेखात कोणत्या देशातून काय आणले आणि कोणी काय घडवले हे नोंदवतो, तेव्हा हस्तिदंत आलेल्या देशांत ‘हिंदुश’, म्हणजे आपला सिंधू प्रदेश, आणि दगड घडवणाऱ्यांत ‘यौना’ ही दोन्ही नावे एकाच लेखात येतात.

आपल्या पुरवणीतील असे लेख शाळकरी मुले आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी कापून जपून ठेवतात. म्हणून निदान ‘यवन’ या शब्दाची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, डिचोली