तुझ्या विहिरीचं पाणी

मानेवाडा रोड, नागपूर
13 एप्रिल

प्रिय बंड्या,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करत लॅपटॉपकडे बघत असतोस, ते मला इथून कळतं. शिवाय तोंडी सांगायला गेलो की मी गोष्ट फिरवतो, हे तुला चौथीपासून माहीत आहे. कागदावर फिरवता येत नाही. एक कबुली द्यायची आहे. ती येईल मधेच कुठेतरी, तोवर दम धर.

आपल्या लेआउटमधली ओपन स्पेस आठवते ना? विटांचे स्टंप, आणि बॉल तुमच्या कंपाउंडमध्ये गेला की आउट. तू पुण्याला गेलास आणि तिथे मलबा पडायला लागला. रात्री ट्रॉली यायची, सकाळी ढीग दिसायचा. कोण टाकतं हे कोणालाच माहीत नव्हतं आणि सगळ्यांनाच माहीत होतं. मंडळाच्या दर मीटिंगमध्ये "यंदा इथं काहीतरी करू" असं ठरायचं आणि वर्गणी गणपतीतच संपून जायची.

मंडळ आता सतरा ते बावीस वयाच्या पोरांच्या हातात आहे. मी सल्लागार. म्हणजे ज्याचा सल्ला घेत नाहीत पण स्कूटर घेऊन जातात, तो. काका म्हणतात बे मला! पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

तर यंदा संक्रांतीच्या सुमाराला एक पोरगी मीटिंगमध्ये उभी राहिली. महाराजबागेजवळच्या अ‍ॅग्री कॉलेजात शिकते. म्हणाली, तिथे भाजी लावू, सगळ्या गल्लीची मिळून एक परसबाग. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या जागेत गवतसुद्धा नीट उगवत नव्हतं. परवानगीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला. त्यांनी दुसऱ्यात पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्यात. शेवटी "तात्पुरतं करा, बांधकाम नको" एवढं तोंडी मिळालं आणि पोरांनी तेच लेखी मिळाल्यासारखं धरलं.

तीन रविवार नुसता मलबा उपसण्यात गेले. फरशीचे तुकडे, तंबाखूच्या खर्‍याच्या पन्न्या, एक अख्खं वॉश बेसिन. आणि या सगळ्याच्या खाली आपली काळी माती, जशीच्या तशी. अमरावती रोडवर अख्ख्या देशाच्या मातीचा सर्वे करणारी संस्था बसली आहे, आणि त्याच गावात आपण माती दिसली की तिच्यावर सिमेंटचे गट्टू बसवून मोकळे होतो.

त्या पोरीने माती कशी घेतली ते बघायला हवं होतंस. सात-आठ ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, खड्ड्याच्या कडेची खरवडलेली माती घमेल्यात, मग ती कागदावर पसरून चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. शेवटी अर्धा किलो राहिली. एवढा हिशोब मी माझ्या पगाराचा करत नाही. सामू, म्हणजे मातीचा पीएच, 8.1 निघाला. आपल्याकडची माती तशी चुनखडीचीच, तिला काही नवल वाटलं नाही. शेणखत भरपूर टाका म्हणाली, आणि पाणी तुंबू देऊ नका. म्हणून गादीवाफे केले, बारा.

दहा फेब्रुवारीला भेंडी, चवळी, गवार, लाल माठ टोकलं. कुंपणाला दुधी आणि दोडका. एक वाफा सांबाराचा. आता तू कोथिंबीर म्हणत असशील, इथे अजून सांबारच आहे. धणे चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या आणि मग पेरायचे, हे पोरांना कोणी सांगितलं असेल? कोपऱ्यातल्या घरातल्या आजीने. काटोलकडची म्हातारी, मुलाकडे राहायला आली आहे. दोन वर्षं गॅलरीत बसून होती, कोणाशी बोलत नव्हती. आता सकाळी सहाला काठी टेकत हजर.

तिची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मार्चच्या सुरुवातीला पोरांनी निंदण काढलं. मोठ्या उत्साहात. सगळे वाफे चकाचक करून तणाचा ढीग गेटपाशी ठेवला, फोटो काढले. आजी आली, ढिगापाशी वाकली, मूठभर उचललं आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. बारीक बारीक पानं, लालसर दांड्या. मग जी सुरू झाली!

"अरे बावा, चिवळ फेकून राहिले काय रे? हे तं लोक बाजारातून विकत आणतेत!"

पोरांना चिवळ माहीतच नव्हती रे. घोळही नाही. भर उन्हाळ्यात जेव्हा दुसरी पालेभाजी मान टाकते तेव्हा हीच हिरवी राहते, आणि ती आम्ही उपटून ठेवली होती. मग सगळा ढीग पुन्हा निवडला. माती झटकत, मुळं तोडत, तास-दीड तास. आजीने मुगाची डाळ घालून केली, वरून लसणाची फोडणी. पत्रावळीवर भाकरी आणि चिवळ खात बारा पोरं त्या मलब्याच्या जागेवर बसली होती. एकाने विचारलं, "आजी, हे पेरायचं कसं?" आजी म्हणाली, "पेरत नाही. फक्त उपटू नको."

होळीचंही थोडक्यात सांगतो. पोरं रामटेकच्या रस्त्याला जाऊन पळसाची फुलं घेऊन आली, दोन पोती. झाडाखाली पडलेली वेचली, तोडली नाहीत, असा त्यांचा दावा आहे. मोठ्या गंजात उकळून रात्रभर ठेवली. सकाळी पिवळं पाणी. त्यात चिमूटभर चुना टाकला की डोळ्यांदेखत केशरी होतं. माझ्या पांढऱ्या बनियनवर अजून आहे तो रंग. डीजे मात्र लागलाच, तो कोणी थांबवू शकलं नाही. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराच्या शोभायात्रेत पाणी वाटायलाही गेलो. त्यात नवीन काही नाही, तुझ्याही वेळी जात होतो.

भेंडीची पहिली तोड एक एप्रिलला झाली. दीड किलो. घरं सव्वीस. घरामागे पाच-सहा भेंड्या! मी म्हटलं सगळ्या अंगणवाडीत देऊन टाका. पण लोक पिशव्या घेऊन आले होते. आणि पाच भेंड्या पिशवीत घालून इतक्या ऐटीत गेले की काय सांगू. समोरच्या वकीलसाहेबांनी तर फोडणीवर टाकलेल्या पाच भेंड्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. पहिला दुधी मात्र रात्रीतून गेला. कोणी नेला त्यावर दोन दिवस चर्चा झाली. माझा वहीम वकिलांवरच आहे.

आता पाणी. इथून पुढे नीट वाच.

सुरुवातीला नळाचंच पाणी देत होतो. मार्च अर्धा झाला, घरोघरी कूलर उतरले आणि बायकांनी मला रस्त्यात गाठलं. आमच्या कूलरला पाणी पुरत नाही अन् तुमच्या भेंडीला पाइप कसा? बरोबरच होतं त्यांचं. पेंच धरणावरून एवढं लांब आलेलं पाणी शुद्ध करून वाफ्यात सोडायचं, हे मलाही पटत नव्हतं.

मग पोरांनी मोबाइलवर पाहिलं, मडकी पुरायची. गळ्यापर्यंत जमिनीत, वरून पाणी भरायचं, पाझरत राहतं, मुळं आपोआप तिकडे वळतात. घरोघरी फिरून गेल्या वर्षीचे माठ गोळा केले, चौदा मिळाले. पुरले, भरले, झाकणं ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाणी तेवढंच! अरे, जुना माठ पाणी थंड करत नाही म्हणूनच तर लोक काढून टाकतात. क्षाराने त्याची छिद्रं बुजलेली असतात. जो माठ घरात पाझरत नाही तो वाफ्यात काय पाझरणार? चौदाच्या चौदा उकरून काढले, बुडाशी खिळ्याने भोक पाडलं, त्यात सुती चिंधीची वात ओवली आणि पुन्हा पुरले. आता चालतात. कूलरच्या जुन्या ताट्या पिंजून वाफ्यांवर अंथरल्या, वर हिरवी नेट बांधली, उन्हाळ्यात सिग्नलवर लावतात तसली. तरी पारा 42 ला गेला की रोज दोन ड्रम पाणी लागतंच.

आणि मध्ये एकच भिंत, पलीकडे तुझी विहीर.

गेटची किल्ली माझ्याकडे होती. तू मला ती मीटरचं रीडिंग आणि टॅक्सची पावती यासाठी दिली होतीस, विहिरीसाठी नाही. मी दोन दिवस तुला फोन करायचं ठरवत होतो. केला नाही, कारण तू "बघू" म्हणाला असतास, आणि तुझं बघू मला माहीत आहे. शेवटी मीटिंगमध्ये मी म्हटलं, मालकाला विचारल्याशिवाय नको. तर एक पोरगा, अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसणारा, शांतपणे म्हणतो, "काका, आज 20 मार्च आहे. 1927 साली आजच्याच दिवशी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले होते. आणि 1868 मध्ये जोतीरावांनी स्वतःच्या घरचा हौद खुला केला होता. तुम्ही बंद घराच्या विहिरीचं काय घेऊन बसले?" मी म्हटलं, अबे, तो हक्काचा लढा होता, ही भेंडी आहे. सगळे हसले. पण किल्ली मी दिली.

म्हणजे 20 मार्चपासून आम्ही तुझं पाणी घेतो आहोत. ही ती कबुली.

काम नीट केलं आहे, घाबरू नको. पोरांना आत उतरू दिलं नाही. गाळ काढणारे दोघे बोलावले. त्यांनी आधी कंदील सोडून पाहिला, विझला असता तर खाली विषारी हवा. विझला नाही. पाणी वीस-बावीस फुटांवर होतं, वर सगळा पिंपळाचा पाचोळा. दिवसभर गाळ निघाला. काळाकुट्ट, तोही वाफ्यांवरच गेला. जाळी नवीन बसवली, कुलूप लावलं, मोटर माझ्या घरच्या लाइनवर आहे, तुझ्या मीटरवर एक युनिट चढलेलं नाही. भिंतीतला तो पिंपळ काढायला पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत चिरे सुटतील. ते मात्र तुला विचारूनच करीन. मृग लागेपर्यंत पाणी घेऊ दे, एवढंच मागणं आहे. नाही म्हणालास तर उद्या मोटर काढतो. पण मग तूच येऊन आजीला सांग.

आता पोरं खाली बोलवून राहिली आहेत. रात्री बाराला बाबासाहेबांच्या जयंतीसाठी संविधान चौकात जायचं आहे, दरवर्षीसारखं, आणि स्कूटर अर्थातच माझी. सोबत चिवळ पाठवतो आहे, ओल्या फडक्यात बांधून, उद्या पुण्याला निघणाऱ्या पोराच्या हाती. आल्या आल्या निवडून ठेव, दुसऱ्या दिवशी तिचा चोथा होतो. काकूंना सांग काटोलच्या आजीने मुगाची डाळ घालायला सांगितली आहे. काकू ऐकणार नाहीत, बेसनच लावतील.

तुझा,
पिंट्या

ता. क. – पत्र काकूंना वाचून दाखवणार असशील तर इथे थांब. गाळात पितळी कळशी निघाली. दोर तुझ्या हातात होता की माझ्या, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. पण दूधवाल्यावर आळ आला तेव्हा आपण दोघंही गप्प बसलो होतो, एवढं मला पक्कं आठवतं. चिंच लावून घासली तर काठावरची अक्षरं दिसली. काकूंचं माहेरचं आडनाव आणि 7-5-82. बुडाला थोडी चेपली आहे, गळत नाही. माझ्या घरी वरच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवली आहे. पाठवू की नको ते कळव.