मुअरफिल्डविषयी मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जॅक निकलस, टॉम वॉटसन आणि निक फाल्डो यांनी जिथे ओपन ही गोल्फमधली मानाची ब्रिटिश स्पर्धा जिंकली, त्या स्कॉटलंडमधल्या मुअरफिल्डवर 2013 नंतर ही स्पर्धा का झाली नाही, असे तू विचारले आहेस. उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल, कारण मुअरफिल्ड हे नुसते मैदानाचे नाव आहे. ज्या क्लबच्या मालकीचे ते आहे, तो ‘द ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरो गोल्फर्स’ या मैदानाहून जवळजवळ दीडशे वर्षांनी जुना आहे.

एडिनबरोच्या नगर परिषदेने 1744 मध्ये या मंडळींना स्पर्धेसाठी चांदीची गोल्फ काठी बक्षीस म्हणून दिली आणि त्या निमित्ताने एडिनबरोजवळच्या लीथच्या माळावर तेरा नियम लिहिले गेले. आज हाती असलेले गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम ते हेच. लीथला तेव्हा अवघे पाच होल (शेवटी चेंडू खड्ड्यात घालायचा, असे खेळाचे टप्पे) होते आणि माळ सर्वांचाच होता, हे नियम वाचतानाच कळते: चेंडू माणसाला, घोड्याला किंवा कुत्र्याला लागून थांबला, तर तो पडला असेल तिथूनच मारायचा! सैनिकांनी खणलेल्या चरांचाही त्यात उल्लेख आहे.

पहिला विजेता जॉन रॅट्रे हा शल्यवैद्य होता. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्सच्या बंडात तो सैन्याचा वैद्य म्हणून सामील झाला आणि कलोडनच्या लढाईतील पराभवानंतर पकडला गेला. फाशीच व्हायची, पण स्कॉटलंडचे मुख्य न्यायाधीश डंकन फोर्ब्स यांनी रदबदली केली. फोर्ब्स राजनिष्ठ पक्षाचे असले तरी लीथच्या माळावर खेळणाऱ्यांपैकीच होते. रॅट्रे सुटला आणि 1751 मध्ये त्याने ती स्पर्धा पुन्हा जिंकली. आपल्या माणसाला सांभाळून घ्यायचे, हा या मंडळींचा स्वभाव मला इथपासूनच दिसतो. त्याची दुसरी बाजू पुढे येईलच.

लीथ सोडून क्लब 1836 मध्ये मसलबर्गला गेला. तिथले नऊ होल घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात होते, शिवाय इतर क्लबही तिथे खेळत. गर्दीला कंटाळून 1891 मध्ये त्यांनी गलन गावाजवळ, फोर्थच्या खाडीलगत स्वतःची जागा घेतली. आखणी ओल्ड टॉम मॉरिस यांनी केली. मसलबर्गकरांना राग आला तो एवढ्यासाठी की, क्लब जाताना ओपनही सोबत घेऊन गेला. नव्या जागेला पाणथळ कुरण म्हणून हिणवले गेले, तरी 1892 ची ओपन तिथेच झाली. त्या वर्षी ही स्पर्धा पहिल्यांदा 72 होलांची झाली आणि ती हॅरल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने जिंकली.

आज आपण पाहतो ते मैदान मात्र बव्हंशी 1920 च्या दशकात हॅरी कोल्ट यांनी घडवले. समुद्रकाठची जुनी मैदाने साधारणपणे किनाऱ्याने सरळ पुढे जातात आणि तशीच परत येतात, त्यामुळे अर्धा खेळ वाऱ्यासोबत आणि अर्धा वाऱ्याविरुद्ध होतो. इथे पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेरून फिरतात, तर पुढचे नऊ त्यांच्या आतून उलट दिशेने. सलग तीनपेक्षा जास्त होल एकाच दिशेला नाहीत. खेळाडूला वाऱ्याचा अंदाज येतो न येतो तोच वारा दुसऱ्या अंगाला गेलेला असतो. अकराव्या होलचा पहिला फटका सोडला तर चेंडू कुठे पडायचा आहे ते समोर स्वच्छ दिसते. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, भिंती हिरवळीच्या लाद्यांचे थर एकावर एक रचून जवळजवळ उभ्या केलेल्या आहेत आणि भोवतालची जमीन त्यांच्याकडे उतरती असल्याने, थोडा चुकलेला चेंडूही घरंगळत आत जातो. खेळाडू या मैदानाला कठोर म्हणतात, पण अन्यायी म्हणत नाहीत. फाल्डोने 1987 च्या शेवटच्या फेरीत अठराही होल पारमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांत, खेळून विजय मिळवला. त्याला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी तो दिवस नीट पाहिला नसावा, असे माझे मत आहे.

मैदानाला लागूनच एडविन लट्यन्स यांनी बांधलेले ग्रेवॉल्स हे घर आहे, तेच लट्यन्स ज्यांनी पुढे दिल्लीचे राष्ट्रपती भवन उभारले. क्लबच्या सभासदांची आवड मात्र वास्तूपेक्षा फोरसम या खेळप्रकारात: दोघांच्या जोडीला एकच चेंडू, आळीपाळीने फटके, मग भरपेट जेवण आणि दुपारी पुन्हा तेच.

मैदानावर सर्वांना एकच न्याय आणि फाटकावर मात्र वेगळा, ही विसंगती क्लबने फार काळ जपली. स्त्रिया पाहुण्या म्हणून येऊन खेळू शकत, सभासद होऊ शकत नव्हत्या. मे 2016 मध्ये या प्रश्नावर मतदान झाले. 64 टक्के मते बदलाच्या बाजूने पडली, पण क्लबच्या घटनेनुसार दोन तृतीयांश हवी होती, म्हणून ठराव पडला. ओपन भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने त्याच दिवशी मुअरफिल्डचे नाव ओपनच्या मैदानांमधून काढले. मार्च 2017 मध्ये पुन्हा मतदान झाले तेव्हा 80 टक्क्यांहून अधिक सभासदांनी होकार दिला. दहा महिन्यांत सगळ्यांचे विचार पालटले असे मला वाटत नाही. ओपन गेल्याचा धक्का युक्तिवादांपेक्षा प्रभावी ठरला. पहिल्या स्त्री सभासदांना निमंत्रणे जायला 2019 उजाडले.

तेव्हा मुअरफिल्डवर ओपन न भरवण्याची बंदी म्हणशील तर ती 2017 च्या मतदानानंतर लगेच उठली. पुरुषांची ओपन तिथे अजून परतलेली नसली तरी महिलांची 2022 मध्ये झाली, आणि ती काय रंगली! दक्षिण आफ्रिकेची अॅश्ली बुहाई शेवटच्या दिवशी पाच फटक्यांची आघाडी घेऊन उतरली, पंधराव्या एकाच होलवर तिने तीन फटके गमावले आणि बरोबरी झाली. अठरावा होल पुन्हा पुन्हा खेळवावा लागला. अंधार पडत आला असताना चौथ्या वेळी तिने बंकरमधून चेंडू अगदी झेंड्याशेजारी आणून ठेवला आणि कोरियाच्या इन जी चुनला हरवले. त्याचे चित्रण मिळाले तर जरूर बघ आणि तो फटका तुला कसा वाटला ते पुढच्या पत्रात लिही. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
माधव