रात्रीचं जेवण सोडू नका

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

घरून परत आले, पण बाबांचं रात्रीचं ताट डोळ्यांपुढून हलत नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ म्हणजे मधुमेहाच्या काठावर आल्यापासून चहा आणि दोन मारी बिस्किटं, संपलं जेवण. बेल्टला नवीन भोक पाडावं लागलं हे आई कौतुकाने सांगत होती. मला मात्र काळजी वाटली.

बाबा, जेवल्यावर रक्तात येणारी बरीचशी साखर उचलतात ते आपले स्नायू. वयाबरोबर ते झिजतात, पोटात चरबी साठते आणि शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. मग तेच काम करून घ्यायला स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन तयार करावं लागतं, आणि पुढे तेही थकतं. डाळ, उसळ, अंडी सोडून चहा-बिस्किटांवर वजन उतरवलंत तर चरबीबरोबर स्नायूही जातील. साखर उचलणारे हातच कमी होतील. शिवाय ते बिस्किट म्हणजे मैदा आणि साखरच की.

"मी तर पहिल्यापासून किडकिडीत, मला कुठून आली साखर?" असं तुम्ही विचारलंत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांचं हे असंच असतं, हातपाय बारीक आणि चरबी पोटात. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या आणि कंबर मोजा. बाबांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, आईची ८०च्या.

आई, तुझं तर मोजतच नाही कुणी. सगळ्यांना वाढून झालं की उरलेली पोळी लोणच्याशी खातेस, उसळीचं पातेलं तोवर रिकामं झालेलं असतं. संकष्टीला, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च गं. उपवास मोड असं मी म्हणणार नाही, पण खिचडी निम्मी घे आणि बरोबर वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे घे. आणि एरवी उसळ आधी स्वतःच्या ताटात वाढून घे. हे मी हात जोडून सांगतेय.

रात्री सातला दोघांनी जेवायचं. आधी कोशिंबीर आणि घट्ट वरण किंवा पिठलं, मग एक ज्वारीची भाकरी, भात दोन घास. या क्रमाने खाल्लं तर साखर एकदम चढत नाही. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, नॉर्मल आहे, डॉक्टरांनी डाळीला मनाई केलेली नाही. जेवण झालं की लगेच टीव्हीपुढे बसू नका, सोसायटीत पंधरा मिनिटं फेऱ्या मारा.

"या वयात आता काय फरक पडणार" हे तर बोलूच नका. अमेरिकेत साखर काठावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आहार सुधारून आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठी ओलांडलेल्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय. आई, गुरुवारी मटकी भिजत घाल, मोड चांगले येऊ देत. बाबा, त्या रात्री माझ्याबरोबर जेवायला बसायचं.

तुमची,
मनू