‘न उघडलेले’ म्हणून विकलेल्या जुन्या इंजिनाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सदोष इंजिन परत घेऊन आमचे मूळ इंजिन व खर्च परत देण्याबाबत

महोदय / महोदया,

आपण दिलेले चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन परत घ्यावे, त्याची किंमत व मजुरी द्यावी आणि मोबदल्यात नेलेले आमचे जुने इंजिन जसेच्या तसे परत करावे, ही मागणी आहे. बिलावर आपण ‘मूळ, न उघडलेले, तपासलेले’ असे लिहून दिले आहे. प्रत्यक्षात हे इंजिन पूर्वी उघडून, अर्धवट काम करून पुन्हा बंद केलेले आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, इंजिन गरम असताना घेतले: चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज. एक, दोन आणि चार नंबरला अनुक्रमे १२.६, १२.४ आणि १२.२ किलो प्रति चौरस सेंमी मिळाले. तीन नंबरला ८.७. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घेतल्यावर आकडा ११.८ वर गेला, म्हणजे गळती व्हॉल्व्हची नाही, रिंगांची. लीकडाउन चाचणीने (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणे) तेच सांगितले. तीन नंबरची गळती ४२ टक्के आणि हवा ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुसत बाहेर येते. इतर तिघांची १२ टक्क्यांच्या आत आहे. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर त्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) उभे ओरखडे दिसतात आणि थ्रस्टच्या बाजूची, म्हणजे पिस्टन जोराने रेटतो त्या बाजूची, होनिंगची जाळी (घासून पाडलेल्या बारीक तिरप्या रेघा) पुसलेली आहे. बाकी तीन बोअरमध्ये मात्र जाळी ताजी आहे. आपण सांगितले तेवढे चाललेल्या इंजिनात ती इतकी ताजी कशी, हा प्रश्न तिथेच पडला.

ऑइल स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनावर दाब पाहिला. आयडलला ०.४ बार, २००० फेऱ्यांना १.१ बार. हजार फेऱ्यांमागे ०.७ बार हा जुना ठोकताळा धरला तरी हे कमी पडते. आपल्या तंत्रज्ञाने ‘जाड ऑइल घाला’ असा सल्ला दिला. जाड ऑइलने गेजचा काटा वर जातो, बेअरिंगमधली फट तेवढीच राहते.

त्यानंतर आपल्या लेखी परवानगीने चेंबर (इंजिनाच्या तळाचा ऑइलचा भाग) उघडला. ऑइल पंपाच्या जाळीत लाल सिलिकॉनचे तुकडे अडकले होते. या इंजिनाच्या चेंबरला कारखान्यातून रबरी पॅकिंग येते, सिलिकॉन लावतच नाहीत. तीन नंबरच्या रॉड बेअरिंगचा (पिस्टनचा रॉड क्रँकच्या पिनवर फिरतो तिथले बेअरिंग) वरचा थर झिजून आतला तांबूस थर उघडा पडला आहे. शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याच्या) पाठीवर ‘०२५’ असा छाप आहे, म्हणजे क्रँक आधीच पाव मिलिमीटर ग्राइंड झालेला आहे, आणि तोही नीट नाही: त्या पिनची गोलाई मायक्रोमीटरवर ०.०४ मिमीने बिघडलेली आहे. प्लास्टिगेजने (फट मोजायची मऊ प्लास्टिकची तार) बेअरिंगची फट ०.०९ मिमी आली. एवढ्या पिनला ती ०.०२ ते ०.०५ मध्ये असायला हवी. हेड पॅकिंगची बाहेर दिसणारी कडा कंपोझिटची आहे, कारखान्याचे पॅकिंग पत्र्यांच्या थरांचे असते. एकंदरीत कोणीतरी बोअर न करता, हात होन मारून, त्याच पिस्टनवर नव्या रिंगा आणि अंडरसाइज (ग्राइंड करून बारीक केलेल्या क्रँकसाठीचे) बेअरिंग टाकून काम उरकले आहे.

आपल्या उत्तरात ‘बसवताना इंजिन गरम झाले असावे’ असे म्हटले आहे. ब्लॉकवर आपणच चिकटवलेली उष्णतादर्शक चकती पाहावी. सुमारे १२५ अंशांना तिचा मधला धातू वितळतो. ती शाबूत आहे, फोटो जोडला आहे. ‘पहिल्यांदा कोरडे फिरवले’ हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. चालू करण्यापूर्वी प्लग काढून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवले होते. शिवाय कोरडे फिरवल्याने बेअरिंग खराब होते, शेलच्या पाठीवर आकडा उमटत नाही.

आता मूळ मुद्दा. वापरलेले तयार इंजिन बसवावे की आमचे आहे तेच पूर्ण खोलून नव्याने बांधावे, हा निर्णय आपल्या विक्री विभागाच्या लेखी सल्ल्यावर झाला. आमच्या इंजिनाची मापे आपल्याकडे दिलेली होती: बोअरची वरच्या टोकाची झीज ०.१४ मिमी, क्रँक स्टँडर्ड आणि सगळ्या पिना गोल, हेडचा बाक ०.०८ मिमी. अशा इंजिनाला ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन, त्या पिस्टनचे माप घेऊन बोअरिंग व होनिंग, स्टँडर्ड बेअरिंग, हेडला हलके फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे), व्हॉल्व्ह सील आणि सीट एवढेच लागते. आपण लिहिलेत की ‘बांधणीत वेळ जातो, तयार इंजिन थेट बसते’. पण तुलनेत अर्धा खर्च लपवलात. तयार इंजिन नीट बसवायचे तर क्रँकचे मागचे ऑइल सील, टायमिंग चेन किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मॅनिफोल्डची पॅकिंगे, प्लग, क्लच प्लेट, ऑइल आणि कूलंट हे सगळे नवे लागतेच. हे दोन्हीकडे समान आहे. खरा फरक पिस्टन, बेअरिंग, हेड आणि मशीन शॉपच्या कामाचा, आणि त्या पैशांत आतले प्रत्येक माप कागदावर मिळते.

ब्लॉकला तडा गेला असेल, रॉड बाहेर आला असेल, क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्याही पलीकडे गेला असेल, तर वापरलेले इंजिनच घ्यावे, त्यात वाद नाही. पण मग कॉम्प्रेशन, लीकडाउन आणि गरम ऑइलचा दाब यांचे आकडे त्याच्यासोबत यायला हवेत. आपल्या ‘तपासणी अहवालात’ फक्त बरोबरच्या खुणा आहेत, एकही आकडा नाही.

आमचे जुने इंजिन भंगारात घालू नये. ब्लॉक, क्रँक, हेड आणि मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या टोप्या) एकत्र ठेवावेत. मेन कॅप त्याच ब्लॉकवर लावून बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या ब्लॉकच्या चालत नाहीत, म्हणून ‘तसेच दुसरे देतो’ हा पर्याय मान्य नाही. पैशांत इंजिनाची किंमत, एकदा बसवण्याची व एकदा उतरवण्याची मजुरी, पॅकिंगे, ऑइल, कूलंट आणि वाहतूक धरावी.

आमचे इंजिन आधीच विकले गेले असेल तर तसे लेखी कळवावे. त्या परिस्थितीत आपण दिलेलेच इंजिन आपल्या खर्चाने आमच्या पसंतीच्या मशीन शॉपमध्ये पूर्ण बांधून द्यावे: चारही सिलिंडरना एकाच ओव्हरसाइजचे पिस्टन, क्रँक पुढच्या अंडरसाइजला, ऑइल पंप नवा, ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून सफाई, हेड बोल्ट नवे. बोअर, पिना, रिंग गॅप आणि बेअरिंगच्या फटी यांचा मोजमाप तक्ता सहीनिशी हवा. या इंजिनाचा क्रँक पुढच्या मापाला निघत नसेल तर क्रँक बदलावा लागेल, आणि तो खर्चही आपलाच.

आणखी एक. बिलावरचा इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवर कोरलेला क्रमांक यांत एका अंकाचा फरक आहे. वाहनाच्या कागदपत्रांवर नोंद करायची तर हा फरक चालणार नाही. इंजिन कोणत्या वाहनातून काढले त्याचा कागद आणि दुरुस्त केलेले बिल निकाल काहीही लागला तरी द्यावे.

इंजिन सध्या स्टँडवर आहे. प्लगची भोके व पोर्ट बंद केले आहेत, बेअरिंगचे शेल जागेनुसार क्रमांक टाकून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले आहेत. हेड अजून उघडलेले नाही. आपला माणूस मायक्रोमीटर आणि बोअर गेज घेऊन आला की त्याच्यासमोरच उघडू. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार केली जाईल.

आपला,
ग्राहक

सोबत: बिल, विक्री विभागाचा लेखी सल्ला, चेंबर उघडण्याची परवानगी, चाचण्यांचे आकडे, शेल, जाळी, चकती आणि इंजिन क्रमांकाचे फोटो